थंडीतल्या सायकलिंगसाठी हातमोजे : सातारकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की पहाटे पोवई नाक्यावर जमणाऱ्या सायकलवाल्यांमध्ये हातमोज्यांचा विषय निघतो. कासवरून परत आल्यावर चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत. मी दुकानदार नाही, त्यामुळे काही ठिकाणी "घेऊ नका" असंही लिहिलंय.

साताऱ्याची थंडी ती काय! तिला हातमोजे खरंच लागतात का?

राजवाड्यापासून बस स्टँडपर्यंत जायचं असेल तर नाही लागत. खिशात हात घालून चालणाऱ्या माणसाला इथली थंडी गुलाबीच वाटते. पण सायकलवाल्याचे हात खिशात नसतात, सगळ्यात पुढे, वाऱ्याच्या तोंडावर असतात.

हिशोब करून बघा. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, कासचं पठार सुमारे १२००. साधारणपणे दर १०० मीटर चढलं की तापमान अर्ध्या-पाऊण अंशाने उतरतं, म्हणजे कासला खालच्यापेक्षा तीनेक अंश कमी. आता त्यात वारा घाला. पारा १० अंशांवर आहे आणि तुम्ही यवतेश्वरचा घाट ताशी ३० किलोमीटरने उतरताय, तर वाऱ्याच्या गारव्याचं जे सूत्र हवामानशास्त्रात वापरतात त्यानुसार उघड्या कातडीला ते साडेसहा अंशांसारखं लागतं. झाडाचं पान हलत नसलं तरी हा वारा असतोच, कारण तो सायकलच तयार करते.

आणि थंडी नेहमी उंचावरच असते असंही नाही. निरभ्र, शांत रात्री गार हवा जड होऊन खोलगट जागी साचते. महाबळेश्वरला हिमकण गावातल्या बाजारपेठेत दिसत नाहीत, वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या बाजूला दिसतात, ते यामुळेच. पहाटे मेढ्याच्या रस्त्याला नदीकाठच्या उतारात शिरलात की मनगटाला एकदम गार पाण्याचा हात लागल्यासारखं होतं. तिथून वर चढलं की पुन्हा जरा ऊब. हे अनुभवलेल्यांना सांगायला नको.

थंडीत आधी बोटंच का गारठतात? बाकी अंगाला तर घाम असतो.

शरीराचा हिशोब घरच्या कारभारणीसारखा असतो, टंचाई आली की आधी वरखर्च कापायचा. गार वाटायला लागलं की हाता-पायाच्या कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब छाती-पोटासाठी राखली जाते. त्यात बोटं बारीक, म्हणजे आकाराच्या मानाने त्यांचं उघडं अंग जास्त. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते : बोटं हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. बोटांत येतात त्या नुसत्या दोऱ्या. त्यामुळे मांडी जशी पेडल मारून स्वतः तापते, तशी बोटं तापत नाहीत.

चढताना हातमोज्यांत घाम आणि उतरताना गारठा. मग घालायचे तरी कोणते?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडची बरीचशी राइड म्हणजे आधी चढ आणि मग उतार. यवतेश्वर घ्या, ठोसेघर घ्या, वाईहून पसरणी घाटाने पाचगणी घ्या. चढताना वेग ताशी ८-१०, अंगाची भट्टी पेटलेली. अर्ध्या घाटात लोक हातमोजे काढून जर्सीच्या मागच्या खिशात कोंबतात. वर फोटो, चहा, गप्पा. तोवर आतला घाम गार होतो. मग तेच ओले हातमोजे घालून उतार सुरू. पाय थांबलेले, वेग तिप्पट, बोटं ब्रेकवर पसरलेली. ओलं कापड आणि वारा हे माठातलं पाणी गार करायचं तंत्र आहे, ते आपण स्वतःच्या बोटांवर करतो.

म्हणून माझं म्हणणं एकच : हातमोजे उतारासाठी निवडा. चढाला काहीही चालतं, अगदी अर्ध्या बोटांचेही. निवडताना डोळ्यांसमोर आणायचे ते उतरतानाचे पंधरा-वीस मिनिटं आणि त्या वेळी बोटांत असलेला ब्रेक.

व्यवहारात मी दोन जोड नेतो. हातात पातळ, घाम सुकवणारा. खिशात पिशवीत गुंडाळलेला वारा अडवणारा. वर पोचलं की चहाच्या आधी ओला जोड काढायचा, हात पुसायचे, आणि निघताना कोरडा चढवायचा. दोन पातळ जोडांना एका जाडजूड जोडापेक्षा फार वेगळा खर्च येत नाही आणि उपयोग दुप्पट होतो.

जाड म्हणजे जास्त ऊबदार ना?

जाड असलं की ऊबदार असतंच असं नाही. ऊब कापडाची नसते, कापडात अडकलेल्या हवेची असते. ती हवा वाऱ्याने पळवून नेली की जाडी फुकट. पंजाच्या पाठीवर वारा अडवणारा पातळ पडदा असलेला हातमोजा, आत फ्लीसचा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, हलका थर, एवढं साताऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पुरतं. दुकानात तपासायची सोपी रीत : हातमोज्याची पाठ तोंडाला लावून जोरात फुंकर मारा. आतल्या बाजूला धरलेल्या तळव्याला फुंकर लागली तर घाटातही लागणार. दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू दे.

जाडीचा दुसरा तोटा म्हणजे ब्रेक. तळव्याला जाड गादी असली की हँडलची मूठ मोठी वाटते, मूठ धरायला जोर लागतो, हात लवकर दमतो. बोटं फुगीर असली तर ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. घाटात वळणावर खडी पसरलेली असताना हे न कळणं परवडत नाही. ऊसाच्या हंगामात तर समोरून कधी दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येईल सांगता येत नाही.

तीन बोटांचे, खेकड्याच्या नांगीसारखे हातमोजे इंटरनेटवर दिसतात. ते बर्फाळ देशांसाठी. इथे घालून गेलात तर पोरं मागे लागतील.

बाजारात मिळणारे विणलेले लोकरी हातमोजे चालतील का?

आजीने विणलेले असतील तर जपून ठेवा, पण सायकलवर एकटे घालू नका. विणीच्या भोकांतून वारा आरपार जातो, आणि तळव्याला पकड नसल्याने हँडल निसटतं. शिवाय स्वस्तात "लोकरी" म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं. खऱ्या लोकरीचा गुण असा की ती थोडी ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आपल्या माणदेशातले मेंढपाळ दंवात-पावसात घोंगडं पांघरून उभे राहतात ते काही उगाच नाही.

बारीक मेरिनो लोकरीचे अस्तर-मोजे मिळाले तर घ्या, पण ते आत घालायला, वरून वारा अडवणारा हातमोजा. सुती मात्र कुठल्याच थराला नको. सूत घाम पितं आणि धरून बसतं.

माझ्याकडे मोटारसायकलचे ग्लोव्हज आहेत. तेच वापरू का?

मी वापरले होते, एक अख्खा हिवाळा. शहरातल्या एका दुकानातून मोठ्या हौसेने घेतलेले, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच, आत काळं अस्तर. पहिल्याच घामाला अस्तराचा रंग सुटला आणि बोगद्यापाशी चहा घेताना माझे हात गॅरेजमधल्या पोरासारखे काळे. दुकानात परत गेलो तर "धुतल्यावर बसेल रंग" असं उत्तर मिळालं. नाही बसला.

रंगाचं सोडा, मुद्दा वेगळा आहे. मोटारसायकलवर हात एका जागी असतो आणि अंग घामेजत नाही. सायकलवर पकड सतत बदलते, तळव्यावर वजन येतं. ते हातमोजे जाड शिवणीचे आणि ताठ असतात. शिवण नेमकी अंगठ्याच्या बेचक्यात रुतते. घरापासून क्लासपर्यंत ठीक. ४० किलोमीटरला नको.

माप कसं घ्यायचं?

शिंप्याची टेप घ्या. ज्या हाताने लिहिता तो पंजा सरळ ठेवा आणि अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी जिथे पंजा सगळ्यात रुंद आहे तिथून गोल माप घ्या. ते सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा आणि प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा बघा. एका कंपनीचा मध्यम दुसरीच्या मोठ्याएवढा निघतो. मधल्या बोटाची लांबीही मोजा, कारण लांब बोटांच्या माणसाला रुंदीवरून घेतलेला हातमोजा बेचक्यात ओढतो.

उन्हाळ्यातले हातमोजे जरा घट्ट चालतात. थंडीतले नाही. घट्ट हातमोजा हवेचा थर दाबून टाकतो आणि रक्तही अडवतो, म्हणजे ऊबेसाठी घेतलेली वस्तू हात गार करते. बोटाच्या टोकाशी तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी जागा हवी. आत पातळ अस्तर घालणार असाल तर ते घालूनच माप बघा.

दुकानात घालून बघताना नेमकं काय बघायचं?

हात पसरून आरशात बघण्यात काही अर्थ नाही. दुकानातल्या एखाद्या सायकलचं हँडल धरा. दोन बोटं ब्रेकवर ठेवून दाबा, सोडा, पुन्हा दाबा. तळव्यात कापडाची घडी पडतेय का? पडत असेल तर तासाभरात ती घडी खड्यासारखी टोचणार. मग गिअर बदलून बघा. मग बाटली काढून तोंडाला लावल्यासारखं करा. शेवटी मनगट बघा : हातमोज्याची पट्टी आणि जर्सीची बाही यांच्यामध्ये कातडी उघडी राहता कामा नये. मनगटाला रक्तवाहिन्या अगदी वर असतात, तिथे दोन बोटांची फट राहिली की बाकी सगळ्याची मेहनत वाया.

एका हाताने घालता-काढता येतो का हेही बघा. घामट हातावरून ओढताना अस्तर उलटं होऊन बाहेर येणारे हातमोजे माणसाला शिव्या शिकवतात.

माझी करंगळी बधिर होते. थंडीने होतं का?

थंडीने होत असेल तर पाचही बोटांची टोकं गारठतात आणि ऊब मिळाली की कळ येऊन उतरतं. पण करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू एवढंच बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर थंडीला दोष देऊ नका. तळव्याच्या करंगळीकडच्या कडेला, मनगटाच्या जरा पुढे, एक नस हाडांच्या बेचक्यातून जाते. हँडलवर वजन टाकलं की ती दाबली जाते. डॉक्टर तिला अल्नर नर्व्ह म्हणतात, आणि सायकलवाल्यांचं हे इतकं जुनं दुखणं आहे की इंग्रजीत त्याला हँडलच्याच नावाने ओळखतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधोमध जाणारी दुसरी नस दाबली जातेय.

जेलची गादी असलेले हातमोजे इथे मदत करतात, पण गादी योग्य जागी असली तरच. नसेवरच फुगवटा असेल तर दाब उलट वाढतो. गादी नसेच्या दोन्ही बाजूंना, मध्ये खाच ठेवून असेल तर बरं. आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचा इलाज हातमोज्यांत नसतोच. सीट पुढे झुकलेली असते, हँडल लांब किंवा खाली असतं, कोपर ताठ धरलेले असतात. दर दहा मिनिटांनी पकड बदला, कोपरात किंचित वाक ठेवा. राइड संपल्यावरही दिवसभर बधिरपणा राहिला, किंवा बटण लावताना बोटात जोर वाटेना, तर हातमोज्यांचं संशोधन थांबवून डॉक्टरांना दाखवा.

गारव्यात बोटं आधी पांढरीफटक, मग निळसर आणि मग लाल होत असतील, तेही वारंवार, तर तेही दाखवण्यासारखं आहे. मधुमेह असलेल्यांना हाताची संवेदना कमी असू शकते, त्यांनी "मला काही गार लागत नाही" यावर फार विसंबू नये. आणि तंबाखू मळून घाट चढणाऱ्या माझ्या मित्रांसाठी : निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. तुमचे हात गार पडण्यात त्या पुडीचाही वाटा आहे. ऐकणार नाहीत, माहीत आहे.

अर्ध्या बोटांचे ठेवू की पूर्ण?

माझी रीत : पहाटेचा पारा १८ च्या वर असेल तर अर्ध्या बोटांचे. १२ ते १८ मध्ये पातळ पूर्ण बोटांचे. त्याखाली वारा अडवणारे. सूर्य वर आला की दहा वाजेपर्यंत साताऱ्यात स्वेटरही नकोसा होतो, म्हणून अर्ध्या बोटांचा जोड घडी करून खिशात असू द्यावा. उघड्या हाताने मात्र नको. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि डांबराने सोललेला तळवा पंधरा दिवस भाकरी मोडू देत नाही.

धुकं, दंव, अवकाळी... वॉटरप्रूफ घेऊ का?

थंडीच्या दिवसांपुरतं म्हणाल तर नको. पाणी पूर्ण अडवणारा हातमोजा घामही आत कोंडतो, कितीही "श्वास घेणारा" म्हणून विकला तरी थोडा कोंडतोच. दंवाला आणि धुक्याला पाण्याचे थेंब घरंगळून जाणारं कापड पुरतं. आणि यवतेश्वरच्या पावसाळ्यात वॉटरप्रूफसुद्धा मनगटातून भरतात. पाणी आत गेलं की बाहेर जात नाही. हातात दोन बादल्या घेऊन फिरल्यासारखं वाटतं.

मोबाईल चालेल असे हातमोजे मिळतात का?

मिळतात. तर्जनी आणि अंगठ्याच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेला असतो, त्यामुळे स्क्रीनला बोट लागल्यासारखं वाटतं. नवे असताना बरे चालतात, धुऊन-धुऊन मंदावतात. फोन उचलण्यापुरते ठीक. पिन टाकणं, मेसेज लिहिणं होत नाही. त्या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजू नका. घाटात फोन बघायचाच असेल तर कडेला थांबा.

अंगठ्याच्या पाठीला टॉवेलसारखं कापड कशाला असतं?

नाक पुसायला. थंडीत सगळ्यांचंच वाहतं, फक्त कोणी विचारत नाही.

हातमोजे चांगले आहेत तरी हात गारच राहतात.

मग छातीकडे बघा. धड गारठलं की शरीर बोटांची ऊब कापणारच, वर लिहिलंय तसं. वारा अडवणारं बिनबाह्यांचं जाकीट घातल्यावर हात गरम झाल्याचं मी कित्येकांकडून ऐकलंय. तेही नसेल तर आपला जुना उपाय : उतरण्याआधी वर्तमानपत्राची चार पानं जर्सीच्या आत छातीला लावा. कानटोपी हेल्मेटखाली मावेल एवढी पातळ असू द्या. रिकाम्या पोटी निघू नका. आणि घरातून निघतानाच हातमोजे घालून निघा. हात एकदा गोठल्यावर हातमोजा ऊब तयार करत नाही, असेल ती फक्त राखतो.

पार गारठलेले हात चहाच्या चुलीवर धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. काखेत दाबून ठेवा, किंवा कोमट पाण्यात.

हातमोजे घरी विसरलो. आता?

औषधाच्या दुकानातले रबरी पातळ हातमोजे अर्ध्या तासाच्या उतारासाठी झकास. आत हात ओले होतात, पण वारा शून्य. वर अर्ध्या बोटांचे चढवले की पकडही राहते. पायमोजे हातात चढवून उतरणारा एक गडी मी पाहिलाय. ब्रेकवरून हात सटकला, नशीब चढाच्या बाजूला गेला. तसलं करू नका. हळू उतरा, मध्ये थांबून दोन्ही हात जोरात झटका. हात गोल फिरवले की रक्त बोटांकडे जातं.

किती पैसे घालवावेत?

पकड, शिवण आणि वारा, या तीन गोष्टींना पैसे द्यावेत. चकाकणाऱ्या नावाला नाही. पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी हातमोज्याच्या पाठीवर चमकणारी पट्टी मात्र जरूर बघावी. वळताना हात दाखवला की मागच्या गाडीला दिसतो. माझा सध्याचा जोड तिसऱ्या हिवाळ्यात आहे आणि आमच्या मुलाच्या बुटांपेक्षा स्वस्त होता.

शाळेत सायकलने जाणाऱ्या मुलांसाठी?

मोठ्यांचा लहान आकार देऊ नका, बोटं लांब पडतात आणि ब्रेकमध्ये अडकतात. आणि "पुढच्या वर्षी पण होतील" म्हणून मोठे घेणं हातमोज्यांत चालत नाही, गणवेशात चालतं. मुलाला ब्रेक पूर्ण दाबता येतो का ते तुमच्यासमोर बघा. बऱ्याच सायकलींना ब्रेकचा दांडा हँडलच्या जवळ आणायचा छोटा स्क्रू असतो. तो फिरवून घ्या.

धुवायचे कसे? वास जात नाही.

राइडहून आलं की पिशवीत कोंबून ठेवू नका, निम्मा वास तिथेच तयार होतो. हातात घालूनच साबणाने हात धुतल्यासारखे धुवा. पाणी गार किंवा कोमट. मग काढून आतली बाजू खळबळा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि बोटं वर करून सावलीत वाळवा. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर बसला की कापड घाम शोषेनासं होतं आणि थेंबही घरंगळत नाहीत. खऱ्या चामड्याचा तळवा असेल तर उन्हात ठेवू नका, पापडासारखा होतो.

एक हातमोजा हरवला. दुसऱ्याचं काय करू?

डावा की उजवा ते सांगा. माझ्याकडे दोन डावे पडून आहेत.